ब्रह्मपुरीचा पोसायडन आणि लंडनची बोडिसिया : प्राचीन भूतकाळ व राष्ट्रीयत्व यांविषयी काही विचार

इतिहासाच्या अध्यापकाने संशोधन-पत्रिकेत स्वतःविषयी लिहावे असा प्रघात नाही, आणि तो नाही हे योग्यच आहे. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय असा आहे की, तो प्रथम मला एका ग्रंथात भेटला नसून माझ्याच एका चुकीत भेटला. ती चूक सांगितल्यावाचून पुढील विवेचनाचे प्रयोजन वाचकांच्या ध्यानी येणार नाही. म्हणून आरंभी थोडे आत्मनिवेदन करणे भाग आहे.

जयसिंगपुरात अध्यापनास लागून मला दोन-तीनच वर्षे झाली होती. पदवीच्या वर्गाच्या चाचणीत कोल्हापूरच्या शिलाहारांवर एक प्रश्न मी घातला होता. एका विद्यार्थ्याने उत्तरात लिहिले की, या राजांचे पुष्कळ लेख कानडी भाषेत असून त्यांना केवळ मराठी राजे म्हणणे बरोबर नाही. मी त्या वाक्याखाली तांबडी रेघ ओढली आणि दोन गुण कमी केले. तो विद्यार्थी कृष्णाकाठच्या सीमेवरील एका खेड्यातला, घरी कानडी बोलणारा होता. उत्तरपत्रिका हाती घेऊन तो मजकडे आला व शांतपणे एवढेच म्हणाला, “सर, आमच्याकडच्या देवळातली अक्षरं कानडी आहेत, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे.” मी त्यास काय उत्तर दिले ते आता आठवत नाही; समाधानकारक दिले नाही एवढे मात्र निश्चित. गुण वाढविले नाहीत, हेही निश्चित.

पुढे खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात जुनी कानडी लिपी जाणणाऱ्या एका स्नेह्यासह मी एक संपूर्ण दिवस काढला, तेव्हा तो विद्यार्थी बरोबर होता व मी चूक होतो हे दृष्टीस पडले. तेथील बहुतेक लेख कानडी आहेत. दक्षिणद्वाराबाहेरील यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा लेख तेवढा संस्कृत भाषेत व नागरी लिपीत आहे. माझे अज्ञान हा येथे गौण भाग होय. मुख्य प्रश्न असा की, जो लेख मी वाचला नव्हता त्याविषयी मला इतकी खात्री कोठून आली होती? ती खात्री पुराव्यातून आलेली नव्हती. आजचा प्रदेश मराठी, म्हणून त्याचा प्राचीन काळही मराठी, अशी ती एक न तपासलेली धारणा होती. ही धारणा आपण कोठून उचलली याचा शोध घेताना मला वारंवार इंग्लंडच्या इतिहासाकडे जावे लागले.

१

ज्या बेटास आपण ब्रिटन म्हणतो त्याचे हे नाव रोमनांच्या लिखाणातून रूढ झाले. इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या सैन्याने तेथे पाय रोवले आणि सुमारे ४१० पर्यंत, म्हणजे साडेतीन शतकांहून अधिक काळ, त्या बेटाचा मोठा भाग रोमन प्रांत होता. पाचव्या शतकापासून समुद्रापलीकडून आलेल्या अँगल व सॅक्सन लोकांची भाषा तेथे पसरली. हीच पुढे इंग्रजी भाषा झाली. जुन्या ब्रिटन लोकांची भाषा वेल्सच्या डोंगरांत टिकून राहिली. नंतर डेन लोक आले आणि १०६६ मध्ये नॉर्मन आले. इंग्लंड व स्कॉटलंड यांचे एक राज्य झाले ते तर १७०७ मध्ये. ‘ब्रिटिश’ या राष्ट्रीयत्वाची घडण त्या एकीकरणानंतरच्या शतकात, फ्रान्सशी झालेली युद्धे, प्रॉटेस्टंट पंथ व साम्राज्यातील लाभ यांच्या योगाने झाली, असे लिंडा कॉली या विदुषीने १९९२ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले आहे.

राष्ट्र अर्वाचीन असले तरी त्याला पूर्वज प्राचीनच हवे असतात. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाच्या टोकाशी, पार्लमेंटच्या समोर, रथारूढ राणी बोडिसिया हिचा कांस्यपुतळा आहे. इ. स. ६० किंवा ६१ मध्ये या राणीने रोमनांविरुद्ध बंड केले आणि लंडन नगर जाळले. ज्या नगराची तिने राख केली त्याच नगरात तिचा पुतळा उभारला जावा, हा पहिला विरोधाभास. ती केल्टिक कुळातील होती. इंग्रजी भाषेच्या पूर्वजांचा त्या बेटावर तेव्हा वासही नव्हता, हा दुसरा. पुतळ्याच्या चौथऱ्यावर अठराव्या शतकातील कवी कूपर याच्या ओळी कोरल्या आहेत. त्यांचा आशय असा की, सीझरला अज्ञात असलेल्या प्रदेशांवर तुझे वंशज राज्य करतील. साम्राज्याविरुद्ध लढलेली स्त्री अशा प्रकारे साम्राज्याची आद्य माता ठरविली गेली, हा तिसरा आणि सर्वांत बोलका विरोधाभास होय.

हा पुतळा त्या जागी बसविला गेला ते वर्ष १९०२. त्याच वर्षी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी छत्रपती शाहू महाराज इंग्लंडमध्ये होते. मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा करवीर सरकारचा प्रसिद्ध हुकूम २६ जुलै १९०२ रोजी निघाला तो ते तेथे असतानाच. एकीकडे एक राष्ट्र आपल्या कल्पित पूर्वजांना कांस्यरूप देत होते, तर दुसरीकडे एक संस्थानिक आपल्या जिवंत प्रजेच्या स्थितीची व्यवस्था लावीत होता. या योगायोगातून कार्यकारणभाव काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने दोन्ही गोष्टी एका पानावर लिहून पाहाव्यात असे वाटते.

२

इंग्रज राज्यकर्त्यांनी रोमन इतिहासाचा उपयोग दोन्ही बाजूंनी केला. बोडिसियाचे वारस म्हणून ते स्वातंत्र्यप्रिय होते, आणि हिंदुस्थानात ते स्वतःच रोमन होते. चार्ल्स ट्रेव्हेलियन याने १८३८ च्या आपल्या शिक्षणविषयक पुस्तकात स्पष्ट लिहिले की, एके काळी आपण रोमनांपुढे ज्या स्थितीत होतो त्या स्थितीत हिंदी लोक आपल्यापुढे येतील अशी आशा आहे. त्यासाठी त्याने आधार घेतला तो टॅसिटसने लिहिलेल्या अ‍ॅग्रिकोलाच्या चरित्राचा. ब्रिटनचा हा रोमन सुभेदार तेथील सरदारांच्या मुलांना रोमन विद्या शिकवी, हे त्या चरित्रात आले आहे. परंतु त्याच प्रकरणाच्या शेवटी टॅसिटस असेही सुचवितो की, अजाण लोक ज्याला संस्कृती म्हणत होते तो त्यांच्या दास्याचाच एक भाग होता. एकच प्रकरण; शासक त्यातून एक अर्थ घेतो, शासित दुसरा.

आपल्याकडील शासितांनीही आपला अर्थ घेतला. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. सातारा दरबारी राहिलेल्या या अधिकाऱ्याने कागद जमविले, बखरी मिळविल्या, आणि त्याच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर लवकरच शाळांत शिरले. सुमारे चाळीस वर्षांनी नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतील तरुणाने त्यावर टीका लिहून त्यातील प्रमाद दाखविले. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले. आणि येथून अवघ्या काही कोसांवर, मिरजेत शिक्षकाची नोकरी सांभाळून, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. परक्याने लिहिलेल्या इतिहासाला उत्तर म्हणून ही थोर परंपरा उभी राहिली, आणि तिचे ऋण आपण कधीही फेडू शकणार नाही.

मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या परंपरेने पाश्चात्यांकडून दोन वस्तू घेतल्या. पहिली पद्धती : अस्सल कागद पाहावा, तारीख ताडून घ्यावी, प्रतिपक्षाचा पुरावाही छापावा. दुसरी वस्तू म्हणजे एक कल्पना : राष्ट्र हे एका वंशाचे, एका भाषेचे, अनादि काळापासून एकसंध चालत आलेले असते. पहिली वस्तू औषध होती; दुसरी व्याधी. खरेशास्त्री व राजवाडे यांच्या थोरवीचा आधार पहिल्या वस्तूत आहे. त्यांच्या नावाने पुढे जे पुष्कळसे लिहिले व शिकविले गेले ते दुसरीवर पोसलेले आहे. आणि माझी तांबडी रेघ त्याच जातीची होती.

३

ही व्याधी ज्यांच्याकडून आली त्यांना तिने कसे फसविले याची दोन उदाहरणे अभ्यासकांनी विसरू नयेत.

१९१२ च्या डिसेंबरात लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेपुढे चार्ल्स डॉसन व आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी ससेक्स परगण्यातील पिल्टडाउन येथे सापडलेली एक कवटी व जबडा सादर केला. जर्मनीत व फ्रान्समध्ये आदिमानवाचे अवशेष सापडले होते. इंग्लंडला तसा मान मिळालेला नव्हता. आता ‘पहिला इंग्रज’ सापडला, आणि त्याचा मेंदू मोठा होता, म्हणून आनंद झाला. शंका घेणारे तेव्हाही होते. पण त्यांचा आवाज क्षीण राहिला. १९५३ मध्ये रासायनिक कसोट्यांनी सिद्ध झाले की, ती कवटी अलीकडच्या मानवाची आणि जबडा ओरांग-उटानचा असून दात कानशीने घासून व हाडे रंगवून ही बनावट केली होती. एक्केचाळीस वर्षे हा खोटा पूर्वज मानाच्या जागी बसला होता. फसविणारा धूर्त होता हे खरे; पण फसणाऱ्यांची इच्छा नसती तर त्याची धूर्तता इतकी पुरली नसती.

दुसरे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे, कारण त्यात लबाडी कोणाचीच नाही. डॉर्सेटमधील मेडन कॅसल या प्राचीन दुर्गाचे उत्खनन मॉर्टिमर व्हीलर यांनी १९३४ ते १९३७ या काळात केले. थरांचे काटेकोर वाचन कसे करावे याचा तो आदर्श होता. दुर्गाच्या पूर्वद्वाराशी जखमांच्या खुणा असलेले सांगाडे मिळाले. त्यावरून व्हीलर यांनी रोमन सैन्याच्या हल्ल्याचे व देशरक्षकांच्या अखेरच्या झुंजीचे चित्र रंगविले. अहवाल १९४३ मध्ये, इंग्लंडवर शत्रूची विमाने घोंगावत असताना, प्रसिद्ध झाला. ते चित्र लोकांच्या हृदयाला भिडले यात नवल नाही. पुढील संशोधकांनी त्याविषयी संशय व्यक्त केला, आणि अलीकडच्या किरणोत्सारी कार्बनच्या कालमापनावरून ते मृत्यू एका दिवसाचे नसून रोमन स्वारीच्या आधीच्या काही दशकांत वेगवेगळ्या वेळी घडलेले दिसतात. म्हणजे परक्याशी झालेल्या युद्धाऐवजी आपसांतील हिंसाचाराचाच तो पुरावा असण्याचा संभव अधिक. थर बरोबर वाचले गेले होते. थरांवर चढविलेली कथा वर्तमानकाळातून आली होती.

४

मेडन कॅसलचा आणि कोल्हापूरचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. लंडनमध्ये विद्यार्थी असताना तेथे व्हीलरच्या हाताखाली ज्यांनी उत्खननाचे धडे घेतले, त्यांत हसमुख धीरजलाल सांकलिया होते. १९४५-४६ मध्ये त्यांनी व मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर, उत्खनन केले; त्याचा अहवाल १९५२ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. ज्या वर्षी व्हीलर पाँडिचेरीजवळ अरिकामेडू येथे रोमन व्यापाराचे अवशेष खणीत होते, त्याच सुमारास त्यांचा शिष्य सह्याद्रीच्या या बाजूस त्याच काळाचे थर उकलीत होता.

ब्रह्मपुरीने काय दाखविले? खालच्या थरांत सातवाहन काळातील विटांची घरे व नाणी. वरच्या थरांत बहामनी काळातील वस्ती. आणि याच टेकाडातून मिळालेल्या कांस्यवस्तूंच्या साठ्यात ग्रीक सागरदेव पोसायडन याची एक लहान, अत्यंत सुघड मूर्ती. ही मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यापलीकडे, नदीकाठच्या एका नगरात भूमध्य समुद्राचा देव येऊन बसला होता! ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण व तगर येथून माल बंदरावर उतरत असल्याचा उल्लेख आहे. त्याच व्यापाराच्या ओघात तो घाट चढून आला असावा.

आता चौथऱ्यावरील त्या ओळींकडे पुन्हा पाहावे. सीझरला अज्ञात असे जे प्रदेश कवीच्या मनात होते, त्यांत हिंदुस्थानही आलाच. वस्तुतः ज्या शतकांत ब्रिटनमध्ये रोमन वस्तू सैन्याच्या मागोमाग येत होत्या, त्याच शतकांत कोल्हापुरात त्या सौदागराच्या मागोमाग येत होत्या. फरक एवढाच की, येथे त्यांच्याबरोबर सुभेदार आला नाही. या एका निरीक्षणाने रोम, ब्रिटन व हिंदुस्थान यांची जी उतरंड आम्हांस शिकविली गेली ती डळमळीत होते. परंतु म्हणून त्यातून उलट अभिमानाची नवी उतरंड रचावी काय? माझ्या मते नाही. पोसायडन कोल्हापूरच्या श्रेष्ठत्वाचा दाखला नव्हे; कोल्हापूर कधीही एकटे नव्हते, याचा तो दाखला आहे.

५

शिलाहारांकडे परत वळू. हे राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असे फ्लीट यांनी १९०१ मध्ये निश्चित केले. कोल्हापुरात राज्य करणारे घराणे दूरच्या एका प्राचीन नगराचे स्मरण बिरुदात बाळगीत होते; तसेच आपला वंश विद्याधर जीमूतवाहनापर्यंत नेऊन भिडवीत होते, ज्याने शिलेवर बसून गरुडाचा आहार होण्याचे स्वीकारले. बाराव्या शतकात गंडरादित्य शिलाहार कोल्हापुरी राज्य करीत असताना, ११३६ च्या सुमारास, मॉन्मथचा जेफ्री ब्रिटनच्या राजांची वंशावळ ट्रॉयच्या ब्रूटसपर्यंत नेत होता. दोन्ही प्रयत्न एकाच मानवी गरजेतून झालेले आहेत. त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र त्यांना पुरावा समजणे हा प्रमाद होय.

परंतु याच गंडरादित्याच्या १११० च्या ताम्रपटात वंशावळीहून मोलाची एक गोष्ट आहे. मिरिंज देशात, म्हणजे आपल्या मिरजेच्या परिसरात, ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी त्याने ईश्वर, बुद्ध व अर्हत् या तिघांची स्थापना केली आणि प्रत्येकास जमीन तोडून दिली. त्याच्या घराण्याचे लेख संस्कृतात आहेत तसे कानडीतही आहेत. त्याला मराठी म्हणावे की कानडी, हा प्रश्न त्याला विचारला असता तर तो बहुधा कळलाही नसता. आणि याची दुसरी बाजू पाहावी : मराठीतील ज्या आद्य लेखांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्यांतील एक श्रवणबेळगोळ येथे, गोमटेश्वराच्या पायाशी, कर्नाटकात आहे. आमच्या शिरोळ तालुक्यातील जैन कुटुंबे त्या पायांशी पिढ्यान् पिढ्या जात आली आहेत. त्यांना हे कोडे कधी पडलेच नाही. राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक कुंदणगार यांनी १९३९ मध्ये उत्तर कर्नाटक व कोल्हापूर संस्थान येथील लेख एकाच ग्रंथात एकत्र छापले होते, कारण लेखच तसे एकत्र नांदत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आणि १९६७ च्या महाजन अहवालानंतर सीमेच्या दोन्ही बाजूंस भूतकाळाचे वाटप सुरू झाले. सीमेवरील जिवंत माणसांच्या भाषिक हक्कांचा प्रश्न खरा आहे व तो न्यायानेच सुटला पाहिजे. परंतु बाराव्या शतकातील दगडाला त्यात साक्षीस ओढल्याने तो सुटत नाही, आणि दगडाची साक्ष मात्र बिघडते.

आमच्याकडे शेतीचा वाद उपस्थित झाला की प्रथम सातबाराचा उतारा मागतात. भूतकाळाकडेही आपण तीच मागणी करतो : हा तुकडा कोणाच्या नावावर? पण प्राचीन काळाचा असा उतारा निघत नाही. ब्रह्मपुरीच्या एकाच टेकाडात सातवाहन, ग्रीक देव व बहामनी नाणी आहेत. त्यांतील एक थर आपला व बाकीचे परक्यांचे असे ठरविणारा मनुष्य उत्खनन करीत नसतो, तो फेरफार नोंदवीत असतो.

जयसिंगपूर हे गाव स्वतः अगदी नवे आहे. शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसविली. सरळ आखलेल्या गल्ल्या आणि त्यांना नावांऐवजी अनुक्रमांक. येथला प्रत्येक रहिवासी कोठून तरी आलेला. कोणी सांगली-मिरजेकडून, कोणी गुजरात-मारवाडातून, कोणी कृष्णेपलीकडील कानडी मुलखातून. या गावास प्राचीन भूतकाळ नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडले नाही. नागरिकत्वास प्राचीनतेची गरज नसते, हे येथल्या एखाद्या गल्लीतून चालताना जितके सहज पटते तितके ग्रंथांतून पटत नाही. मग प्राचीन इतिहास शिकावा कशासाठी? माझे उत्तर एवढेच की, आपल्यापूर्वी येथे जे लोक राहिले ते आपल्यासारखे नव्हते, हे कळण्यासाठी. आणि त्यांच्यापाशी जे होते ते आपणास समजावे, म्हणून त्यांची लिपी शिकण्यासाठी.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस यातून एकच व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. दक्षिण महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासावर काम करावयाचे असेल तर संस्कृत व प्राकृताबरोबर जुनी कानडी शिकल्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या पिढीने हे टाळले व मिराशींच्या १९७७ च्या शिलाहार-लेखसंग्रहासारख्या संपादित ग्रंथांवर निर्वाह केला. ते ग्रंथ उत्तम आहेत. पण दगडासमोर उभे राहिल्यावर दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावे लागते, ही उणीव त्यांनी भरून निघत नाही.

खिद्रापूरच्या स्वर्गमंडपाचे छत मधोमध वर्तुळाकार उघडे आहे, आणि त्यातून येणारा उजेड खांबांवर सरकत जातो. त्या दिवशी माझे स्नेही एकेक अक्षर बोटाने दाखवीत वाचीत होते व मी ते वहीत नागरीत उतरून घेत होतो. तेव्हा मला त्या जुन्या उत्तरपत्रिकेचे स्मरण झाले. त्या विद्यार्थ्याचा पुढे पत्ता लागला नाही. त्याचे दोन गुण माझ्याकडे येणे आहेत. हा लेख त्या ऋणाची कबुली म्हणून वाचला जावा.